हातात लगाम, बोटं बर्फ: उत्तर इंग्लंडच्या हिवाळ्यात घोडेस्वारीसाठी हातमोजे कसे निवडावेत

उत्तर इंग्लंडातल्या हिवाळ्याला कॅनडासारखा मोठा बर्फ नसतो. पारा शून्य ते सहा अंशांत कुठेतरी रेंगाळतो, वरून झिमझिम आणि बाजूने वारा. लीड्समध्ये डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांचे घोडेस्वारीचे तास बहुतेक अंधारात, दिव्यांखाली होतात. ही ओली थंडी कोरड्या थंडीपेक्षा हातांना जास्त छळते. ज्यांच्या बोटांपर्यंत रक्त नीट पोचत नाही, त्यांना तर ती घोड्यावर बसण्याआधीच गाठते.

नोकरी-शिक्षणासाठी इकडे आलेली, इथे घोडेस्वारी शिकू लागलेली आणि थंडीत बोटं पांढरी किंवा निळी पडून बधिर होणारी जी मराठी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझीही बोटं त्याच जातीची. दुकानात गेलं की सगळे एकच सांगतात, ‘जाड घ्या’. या सल्ल्याने आपलं काम भागत नाही. का, ते पायरी २ मध्ये.

सुरुवात करण्याआधी एवढं जवळ ठेवा:

- शिंप्याकडे असते तशी कापडी मोजपट्टी
- कमरेचा एक जुना चामडी पट्टा
- तुमच्या सगळ्या औषधांची यादी, औषधाच्या मूळ नावासकट
- हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर यांचे जुने रिपोर्ट असतील तर ते
- बोटांचा रंग बदललेला असताना फोनवर काढलेला फोटो

पायरी १: आधी डॉक्टर, मग दुकान

थंडीने बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. काहींच्या मात्र गरजेपेक्षा फार जास्त आकसतात. बोटं आधी पांढरी, मग निळसर आणि ऊब मिळाली की लालबुंद होतात, ठणकतात, मुंग्या येतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली याचं वर्णन केलं, म्हणून या त्रासाला त्याचंच नाव आहे. आपल्या सावळ्या कातडीवर हे रंग तितके ठळक दिसत नाहीत. नखांखाली आणि तळहाताच्या बाजूला बघा, तिथे फिकटपणा लवकर कळतो. डॉक्टरकडे पोचेपर्यंत बोटं पुन्हा नेहमीसारखी झालेली असतात, म्हणून तो फोटो.

बहुतेकांना हा त्रास नुसता त्रासच असतो, त्यामागे दुसरा आजार नसतो. पण वयाच्या तिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाला असेल, एकाच हाताला होत असेल, बोटांच्या टोकांना जखमा होत असतील, सोबत सांधे दुखत असतील किंवा अंगावर चट्टे येत असतील, तर जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ घ्याच.

औषधांची यादी का, तेही सांगते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या, मायग्रेनची काही औषधं, सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या यांनी हात आणखी गार पडू शकतात. भारतातून आणलेल्या गोळ्यांची कंपनीने दिलेली नावं इथल्या डॉक्टरला काहीच सांगत नाहीत, म्हणून पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ नाव उतरवून न्या. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्रास फार असेल तर डॉक्टर निफेडिपीनसारखं रक्तवाहिन्या सैल करणारं औषध देतात. सिगारेट ओढत असाल, तर तिच्यापुढे कुठलाही हातमोजा हरतो.

मधुमेह असणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. तुमच्या बोटांची जाणीवच कमी झालेली असेल, तर हात किती गारठलाय हे कळत नाही आणि किती भाजतोय हेही कळत नाही. पायरी ५ वाचताना हे डोक्यात असू द्या.

पायरी २: हातमोजा ऊब तयार करत नाही

हातमोजा हा थर्मास आहे. गरम चहा ओतला तर तो गरम राहील, गार ओतला तर तितक्याच इमानाने गार राहील. ज्याच्या हातात रक्त खेळतं आहे, तो आपली ऊब स्वतःच पुरवतो आणि जाड अस्तर ती धरून ठेवतं. आपल्या बोटांत ती येतच नसेल, तर जाड अस्तर धरून काय ठेवणार?

त्यामुळे आपलं गणित तीन भागांचं होतं. हात गरम असतानाच हातमोज्यात गेला पाहिजे. आत गेल्यावर रक्ताची वाट कुठेही आवळली जाता कामा नये. आणि जिथे शरीर कमी पडतं, तिथे बाहेरून ऊब द्यावी लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन गोष्टींसाठीच आहेत.

पायरी ३: माप घ्या, आणि थोडं सैल घ्या

अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी जिथे तळहात सर्वांत रुंद असतो तिथे मोजपट्टी गुंडाळा. जो हात जास्त वापरता त्याचं माप घ्या. इंचात येईल तो आकडाच साधारण हातमोज्याचा नंबर: सात इंच तर सात नंबर. बायकांना बहुधा साडेसहा ते साडेसात, पुरुषांना आठ ते नऊ लागतो. एस, एम, एल असं लिहिलेलं असेल तर त्या कंपनीचा तक्ता बघा, कारण प्रत्येकीचा ‘एम’ निराळा. माप हात गरम असताना घ्या, गारठलेला हात थोडा बारीक भरतो.

घोडेस्वारीच्या दुकानात हातमोजा घट्ट बसवण्याची पद्धत आहे. लगामाचा अंदाज यावा म्हणून तो कातडीसारखा चिकटलेला हवा, असं विक्रेता सांगेल. उन्हाळ्यात ठीक आहे. हिवाळ्यात घट्ट हातमोजा दुहेरी नुकसान करतो: बोटांतलं रक्त अडवतो, आणि अस्तर दाबून त्यातली हवा घालवतो. ऊब तर त्या अडकलेल्या हवेतच असते.

नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा घ्या. आत पातळ हातमोजा घालणार असाल तर एक नंबर. बोटाच्या टोकाशी चार-पाच मिलिमीटर जागा सुटलेली असावी. मूठ वळल्यावर पेरांवर शिवण ताणली जाऊ नये. दहा मिनिटं घालून काढा आणि मनगट बघा. इलॅस्टिकचा वळ उठला असेल तर तो हातमोजा परत ठेवा, कितीही सुंदर दिसत असला तरी. मनगटाला इलॅस्टिकपेक्षा वेल्क्रोचा पट्टा बरा, हवा तेवढाच आवळता येतो.

फार मोठा घेण्याचीही चूक नको. बोटाच्या टोकाशी कापड लोंबत असेल तर ते लगामाच्या बकलात अडकतं, आणि घोडा बिचकला त्या क्षणी हात सुटा होणं फार गरजेचं असतं.

पायरी ४: कापड, अस्तर आणि तळवा

इथे थोडं थांबून वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात.

*बाहेरचा थर.* त्याचं पहिलं काम वारा अडवणं. घोडा दुडकीत तासाला बारा-पंधरा किलोमीटरने जातो, म्हणजे वारा पडलेला असला तरी तुमच्या मुठींवर तेवढा वारा चालूच असतो. स्वारीत हात पुढे, उघडे आणि जवळजवळ स्थिर असतात. खिशात घालता येत नाहीत, चोळता येत नाहीत. म्हणून नुसता विणलेला लोकरी हातमोजा इथे निकामी ठरतो, वारा त्याच्या आरपार जातो. पुण्या-नागपुरात थंडीत तिबेटी स्वेटरवाल्यांकडून घेतलेले लोकरी हातमोजे बरेच जण सोबत आणतात. ते टाकू नका, घोड्यापर्यंत चालत जाताना घाला. लगाम धरायला मात्र ते नकोत, ओल्या लगामावरून लोकर सरकते.

पाऊस अडवण्याच्या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे. पूर्ण जलरोधक हातमोज्यात बाहेरचं कापड, मधला पडदा आणि अस्तर असे तीन थर असतात. स्वस्त मालात ते एकमेकांवर घसरतात. हात किंचित ओला असताना बाहेर काढला की अस्तराची बोटं उलटी होऊन बाहेर येतात, आणि पुन्हा घालताना दहा मिनिटं झटापट. दुकानातच हे तपासा: बोटाच्या टोकाला बाहेरून चिमटीत धरा आणि आतलं अस्तर हळूच ओढून बघा, ते जागचं हलता कामा नये. तसा चांगला जोड परवडत नसेल, तर वारा अडवणारे साधे दोन जोड घ्या आणि ओला झाला की बदला. माझ्या अनुभवात दोन साधे जोड एका महागड्या जोडापेक्षा जास्त कामी येतात.

*अस्तर.* थिन्सुलेट या कृत्रिम अस्तराच्या पट्टीवर ४०, १००, १५० असे आकडे दिसतात. ते एका चौरस मीटरला किती ग्रॅम अस्तर आहे ते सांगतात. आकडा मोठा तसा हातमोजा गरम, आणि तसाच जाडही. आपल्याला हवी ती रचना अशी: हाताच्या पाठीवर जाड अस्तर, तळव्याकडे आणि बोटांच्या आतल्या बाजूला पातळ. पाठीला वारा लागतो, तळव्याला लगाम कळायला हवा. फ्लीस मऊ आणि स्वस्त, पण वारा अडवत नाही, त्यामुळे ते आत असेल तरच उपयोगाचं. सुती अस्तर पूर्ण टाळा. घाम शोषून ते ओलं बसतं आणि मग हात गार करतं.

*आतला पातळ हातमोजा.* रेशमी किंवा मेरिनो लोकरीचा. ही सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त फरक पाडणारी वस्तू आहे. मेरिनो थोडी ओली झाली तरी ऊब देते. शिवाय बकल लावायला वरचा हातमोजा काढला तरी हात उघडा पडत नाही, आणि आपल्या बोटांना बिघडायला तो अर्धा मिनिट पुरतो.

*तळवा.* लगाम करंगळी आणि अनामिकेच्या मधून आत येतो आणि अंगठा-तर्जनीच्या मधून वर निघतो. घोडेस्वारीच्या खऱ्या हातमोज्याला या दोन जागी दुहेरी कापड असतं. स्कीइंगचा किंवा बागकामाचा हातमोजा इथेच उघडा पडतो, दोन महिन्यांत करंगळीजवळ भोक. तळव्यावर सिलिकॉनचे ठिपके किंवा कृत्रिम सुएड असेल तर पकड चांगली. पकड चांगली असली की मूठ कमी आवळावी लागते, आणि हे आपल्यासाठी ऊबेइतकंच मोलाचं आहे. चामडं सुंदर असतं, पण या भिजऱ्या हवेत त्याची निगा राखणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं.

*बोटं वेगळी की एकत्र?* शेजारी शेजारी असलेली बोटं एकमेकांना ऊब देतात, म्हणून अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं दोन-दोनच्या खणात असे तीन टोकांचे हातमोजे पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा गरम. पण खण कुठे फुटतो ते बघा. मधलं बोट आणि अनामिका यांच्यामध्ये फुटत असेल, तर करंगळी-अनामिकेच्या मधून लगाम घेता येणार नाही, एक बोट अलीकडून घ्यावा लागेल. तसं चालेल का, हे आधी प्रशिक्षकाला विचारा. नवशिक्यांनी पहिला हिवाळा पाच बोटांच्या हातमोज्यातच काढावा असं मला वाटतं.

किमतीचा अंदाज: हिवाळी अस्तराचे बरे हातमोजे साधारण वीस ते पंचेचाळीस पौंडांत मिळतात. डेकॅथलॉनमध्ये घोडेस्वारीच्या विभागात त्याहून स्वस्तही असतात. आतला पातळ हातमोजा घोड्याच्या दुकानात शोधू नका. डोंगर चढणाऱ्यांच्या दुकानात जास्त चांगला मिळतो.

पायरी ५: बाहेरून ऊब

*लोखंडी भुकटीच्या पुड्या (हँड वॉर्मर).* यातली लोखंडाची भुकटी हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि उष्णता निघते. म्हणजे हवा मिळाली तरच त्या तापतात. पूर्ण बंद, जलरोधक हातमोज्यात कोंबली की पुडी मरगळते. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं उघडून, हलवून ठेवा. तळव्यात ठेवू नका, लगाम धरता येत नाही. जागा मनगटाची आतली बाजू, जिथे नाडी बघतात ती. तिथून रक्त बोटांकडे जातं. पुडी थेट कातडीवर नको, आतल्या पातळ हातमोज्यावर ठेवा आणि वर वेल्क्रो सैल लावा.

*बॅटरीचे हातमोजे.* ऐंशी पौंडांपासून दोनशेपर्यंत. फार त्रास असणाऱ्यांना हे खरोखर उपयोगी पडतात, पण घेताना चार गोष्टी विचारा. गरम तार बोटांच्या टोकापर्यंत जाते की नुसती हाताच्या पाठीवर? टोकापर्यंत जात नसेल तर घेऊ नका. बॅटरी मनगटावर कुठे बसते, आणि जाकिटाची बाही तिच्यावरून जाते का? सर्वांत जास्त आचेवर ती किती वेळ टिकते? आणि तळवा पकड देणारा आहे का? बरेच असे हातमोजे स्कीइंग किंवा मोटरसायकलसाठी बनवलेले असतात, त्यांचा तळवा जाड असतो.

सुरुवातीलाच मोठी आच लावू नका. हात गरम असतानाच मंद आचेवर चालू करा. बधिर बोटांना भाजल्याचं कळत नाही, मधुमेह असेल तर दुप्पट जपा. भारतात जाता-येता यांच्या लिथियम बॅटऱ्या सुट्या करून हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत.

पायरी ६: घरच्या घरी परीक्षा

ऑनलाइन मागवलं असेल तर ब्रिटनमध्ये माल हाती आल्यापासून चौदा दिवसांत ‘नको’ कळवता येतं. मात्र दुकानात जसं घालून बघतो तेवढंच बघायचं. लेबल तोडू नका आणि घोड्याजवळ नेऊ नका, केस लागले की परत करायचा विषय संपला.

जुना पट्टा दाराच्या मुठीला अडकवा आणि दोन्ही टोकं लगामासारखी धरा. आता बघा: पट्टा बोटांमधून लांब सोडता येतो का, पुन्हा आखूड घेता येतो का, एका हातात दोन्ही टोकं आणि दुसऱ्यात चाबकाच्या जागी एखादा लांब चमचा, असं जमतं का. पट्ट्याचं बकल हातमोजे घालून लावता-काढता येतं का. हेल्मेटची हनुवटीखालची कडी लागते का. या शेवटच्या परीक्षेत बहुतेक जाड हातमोजे नापास होतात.

पायरी ७: यार्डातला, म्हणजे तबेल्यातला, क्रम

घोड्यावर बसण्याआधीचा अर्धा तास हात बिघडवतो, स्वारी नंतर. खरारा करायचा, खुरं साफ करायची, गवताची जाळी बांधायची, पाण्याची बादली उचलायची. या कामांसाठी स्वस्त, रबरी तळव्याचे, आत अस्तर असलेले वेगळे हातमोजे ठेवा. स्वारीचे हातमोजे तोवर जाकिटाच्या आत, पोटाशी. रेडिएटरवरून उचलून आणलेले हातमोजे पार्किंगपर्यंतच गरम राहतात.

घोड्याला दोरीने चालवतानाही हातमोजे हवेतच. त्याने अचानक ओढलं तर दोरी उघड्या तळहाताची सालं काढते. दोरी हाताभोवती गुंडाळायची नाही, कितीही थंडी असो.

बोटं गार पडू लागली असं वाटलं, तर घोडा जवळच आहे. त्याच्या अंगाचं तापमान अडतीस अंशांच्या आसपास असतं. झुलीखाली, पुढच्या पायामागच्या खोबणीत हात सरकवून मिनिटभर उभं राहा. मात्र आधी त्याच्याशी बोला आणि हात हळू न्या. बर्फासारखा हात अचानक पोटाला लागला तर तोही दचकणार.

आता अंगाबद्दल. धड गार पडू लागलं की शरीर सर्वांत आधी बोटांचं रक्त कापतं, ते मधल्या भागाला वाचवायला. म्हणून कधीकधी हातांसाठीचा उत्तम उपाय म्हणजे बनियनवर घातलेली गरम बंडी. मनगट आणि बाही यांच्यामध्ये फट राहू देऊ नका, विणलेल्या मनगटपट्ट्या स्वस्तात मिळतात. कान झाकायला हेल्मेटखाली पातळ टोपी चालते, पण ती घालून हेल्मेट पुन्हा नीट बसतं का ते तपासा. आपली माकडटोपी इथे नको, तिच्या जाडीने हेल्मेट वर उचललं जातं.

बसायच्या आधी दोन्ही हात खांद्यापासून मोठे गोल फिरवा, वीसेक वेळा. रक्त बोटांच्या टोकांकडे फेकलं जातं. लोक बघतात, बघू द्या. हे घोड्यापासून लांब उभं राहून करा.

पायरी ८: स्वारीत, आणि उतरण्याची वेळ

नवशिक्याची मूठ भीतीने आवळलेली असते. आवळलेल्या मुठीत रक्त जात नाही, आणि रेनॉच्या त्रासात ताणानेही बोटं पांढरी पडतात. दर फेरीला एका कोपऱ्यावर मूठ किंचित सैल करून पुन्हा मिटायची सवय लावा. रबरी आवरणाचा लगाम मागून घ्या, ओल्या हवेत तो साध्या चामडी लगामापेक्षा कमी सरकतो. पकड फारच कमी असेल तर हातात धरायच्या कड्या शिवलेले लगाम मिळतात. अपंग स्वारांसाठी १९६९ पासून काम करणारी आर.डी.ए. (रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन) ही संस्था अशी साधनं वापरते. त्यांच्या गटाकडे चौकशी करायला संकोच करू नका.

तासाच्या सुरुवातीलाच प्रशिक्षकाला सांगून ठेवा की माझी बोटं बधिर होतात. लगाम हातात आहे की नाही हे न बघता कळेनासं झालं, की थांबायची वेळ आली. बधिर हातात घोड्याच्या तोंडाचा अंदाज राहत नाही, आणि आपण नकळत त्याच्या जबड्याला हिसके देतो. अजून एक फेरी असं म्हणू नका.

उतरल्यावर हात कढत पाण्यात घालू नका, हीटरला टेकवूही नका. काखेत धरा, किंवा कोपराने तपासलेल्या कोमट पाण्यात ठेवा. रक्त परतताना ठणका लागतो, तो थोड्या वेळात ओसरतो. तासाभरानंतरही एखादं बोट पांढरं आणि बधिरच राहिलं, तर एन.एच.एस.च्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, १११ क्रमांकावर फोन करा.

पायरी ९: निगा

ओले हातमोजे रेडिएटरवर टाकू नका. चामडं कडक होतं आणि सिलिकॉनचे ठिपके सुटतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून खोलीत उभे वाळवा, कागद एकदा बदला. आतले पातळ हातमोजे दर वेळी धुवा, कारण घामाने चिकटलेली लोकर ऊब धरत नाही. बॅटरीचे हातमोजे उन्हाळ्यात ठेवून देताना बॅटरी सुटी करा आणि पूर्ण रिकामी न ठेवता अर्धी भरून ठेवा. आणि प्रत्येक जोडीच्या आत नाव लिहा. यार्डातल्या खुंटीवर सगळ्यांचे हातमोजे काळेच असतात.